घरी बनवलेली इंटरकॉम केबल: रेकॉर्डिंग फाटतं, शिट्टी मारतं किंवा मुकं येतं, तेव्हा दोष कुठे शोधायचा

फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. इंटरकॉम, म्हणजे विमानात हेडसेटवरून एकमेकांशी आणि टॉवरशी बोलायची यंत्रणा. तिच्यावरून आपलं उड्डाण नंतर ऐकता यावं म्हणून घरी एक केबल बनवायची. एका टोकाला इंटरकॉमच्या हेडफोन जॅकात जाणारा जाड प्लग, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा बारीक प्लग, मध्ये दीड-दोन मीटर तार. घरी मीटर लावून पाहिलं तर टोकापासून टोकापर्यंत व्यवस्थित बीप येतो. विमानात लावून उतरल्यावर ऐकावं, तर टॉवरचा आवाज फाटलेला, मागे इंजिनाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी, नाहीतर सगळी शांतता. मग केबल उसवायची, पुन्हा सोल्डर मारायचं, आणि पुढच्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण बहुतेक वेळा दोष सोल्डरमध्ये नसतोच. मीटरचा बीप एवढंच सांगतो की तार जोडलेली आहे. एका बाजूच्या आवाजाची ताकद दुसऱ्या बाजूला झेपते का, आणि दोन्ही यंत्रांची ग्राउंड किती ठिकाणी एकमेकांना जोडली गेलीत, हे बीपला कळत नाही. या केबलचे जवळजवळ सगळे हट्टी दोष याच दोन जागी असतात. म्हणून आधीच सांगतो, नुसती तार आणि दोन प्लग एवढ्यावर ही केबल होत नाही. तिच्यात दोन रेझिस्टर (मोबाइलसाठी आणखी एक), दोन कपॅसिटर आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. हे सगळं काडेपेटीएवढ्या डबीत मावतं.

एवढा खटाटोप करावाच का? माझं उत्तर ठाम 'हो' आहे. आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा अभ्यास करून सुटते, पण खऱ्या टॉवरशी बोलताना आपण कुठे शब्द खातो, रीडबॅकमध्ये (टॉवरची सूचना परत म्हणून दाखवताना) क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब, सांगायचा कुठे राहून जातो, घाईत दुसऱ्याच्या बोलण्यावर कुठे बोलतो, हे स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. इन्स्ट्रक्टर हवेत जे सांगतात त्यातलं निम्मं त्या गडबडीत डोक्यावरून जातं. संध्याकाळी खोलीवर शांतपणे ते पुन्हा ऐकणं हा शिकण्याचा फार मोठा भाग आहे, आणि त्यासाठी आवाज स्वच्छ हवा.

कोणत्या जॅकात हात घालायचा आणि कोणत्या नाही

सेसना 152, 172 किंवा तत्सम लहान विमानात प्रत्येक सीटला दोन जॅक असतात. जाड जॅक हेडफोनचा, 6.35 मिलिमीटरचा. त्याच्या प्लगला पीजे-055 म्हणतात. दुसरा किंचित बारीक, 5.23 मिलिमीटरचा, तो मायकचा, आणि त्याचा प्लग पीजे-068. हेलिकॉप्टरच्या हेडसेटला या दोन्हींऐवजी यू-174 नावाचा एकच प्लग असतो, त्याची मांडणी वेगळी आहे.

आपल्या केबलचं काम फक्त जाड जॅकाशी आहे. मायकच्या जॅकाला घरच्या केबलने स्पर्शही करू नये, आणि याचं कारण नीट समजून घ्या. मायकच्या प्लगवर तीन भाग असतात. मधल्या रिंगवर मायकचा आवाज, मागच्या स्लीव्हवर ग्राउंड, आणि पुढच्या टिपवर पीटीटीची, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाची तार. ही टिप ग्राउंडला टेकली की रेडिओ ट्रान्समिट करू लागतो. केबलमधल्या जाळीचा (गरम तारेभोवती विणलेल्या ग्राउंडच्या धाग्यांचा) एखादा केस तिथे टेकला तर तुमच्या नकळत तुम्ही फ्रिक्वेन्सी धरून बसता. टॉवरला कोणाचंच नीट ऐकू येत नाही, आणि तुम्हालाही टॉवर ऐकू येत नाही, कारण तुमचा रेडिओ बोलतोय, ऐकत नाहीये. विमानतळाभोवतीच्या घिरट्यांत, म्हणजे सर्किटमध्ये, चार-पाच शिकाऊ विमानं असताना हे होणं फार धोक्याचं आहे. शिवाय मायकच्या तारेवर रेडिओकडून साधारण 8 ते 16 व्होल्ट डीसी येत असतो. जुन्या काळी कार्बन मायक असत, त्यांना हा व्होल्टेज लागे, आणि आजचे हेडसेटही तीच पद्धत पाळतात. कॅमेऱ्याच्या मायक इनपुटला हा व्होल्टेज सोसण्याची सवय नसते.

आणि गरजही नाही. तुमचा आवाज, शेजारच्या इन्स्ट्रक्टरचा आवाज आणि टॉवर, तिन्ही हेडफोनच्या तारेवर येतातच. 172 मध्ये मागची सीट रिकामी असेल तर तिथला हेडफोन जॅक घ्या. 152 मध्ये मागची सीटच नाही, तिथे हेडफोन जॅकासाठी वाय-स्प्लिटर लागेल.

काही इंटरकॉमवर 3.5 मिलिमीटरचा एक छोटा जॅक समोरच दिसतो आणि मोह होतो. बहुतेक वेळा तो संगीत आत घेण्यासाठी असतो, बाहेर देण्यासाठी नाही. त्यात रेकॉर्डिंगची केबल लावली तर मुकं रेकॉर्डिंग मिळतं. 'केबल बरोबर आहे तरी काहीच येत नाही' अशी तक्रार आली की आधी हा जॅक कुठला हे विचारावं.

आवाज फाटतो

हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष, आणि सगळ्यांत जास्त चुकीचं निदान होणारा. फाटलेला आवाज ओळखायची खूण अशी: कॉम्प्युटरवर वेव्हफॉर्म उघडला की वरची-खालची टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतात, आणि एडिटिंगमध्ये आवाज कितीही कमी केला तरी फाटलेपण जात नाही. जे कापलं गेलं ते इनपुटवरच गेलं.

इंटरकॉमचा हेडफोन आउटपुट 150 ते 600 ओहमच्या हेडफोनला चालवण्यासाठी केलेला असतो. 600 ओहमवर 50 मिलिवॅट द्यायचे तर साडेपाच व्होल्ट लागतात. नेहमीच्या ऐकण्याला अर्थात एवढे लागत नाहीत, पण काही दशांश व्होल्टपासून एखाद्या व्होल्टपर्यंत सहज येतात. उलट कॅमेऱ्याच्या मायक इनपुटला अपेक्षा असते काही मिलिव्होल्टची. शंभरपट फरक आहे. हा फरक सोल्डरने भरून येत नाही.

उपाय स्वस्तातला आहे. इंटरकॉमकडून येणाऱ्या गरम तारेत, म्हणजे आवाज वाहणाऱ्या तारेत, 10 किलोओहमचा रेझिस्टर घाला, तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला 100 ओहमचा रेझिस्टर द्या, तपकिरी-काळा-तपकिरी. या दोघांच्या जोडावर आवाज शंभरातला एक भाग उरतो. इंटरकॉमवर ओझं दहा किलोओहमचंच पडतं, म्हणजे हेडसेटच्या मानाने काहीच नाही, आणि तुमच्या किंवा इन्स्ट्रक्टरच्या कानातला आवाज कमी होत नाही. जोडावरून कॅमेऱ्याकडे जाताना 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, कारण कॅमेरा मायकला चालवण्यासाठी स्वतः दोन-तीन व्होल्ट बाहेर पाठवत असतो आणि ते आपल्या 100 ओहमवर वाया घालवायचे नाहीत. 1 मायक्रोफॅरडने 80 हर्ट्झच्या खालचा भाग थोडा कमी होतो. बोलण्यासाठी त्याची गरज नाही, आणि इंजिनाचा खालचा घरघराट तेवढाच आवरतो.

रेझिस्टर कोणत्या टोकाला बसवायचे यावर लोक विचार करत नाहीत, पण फरक पडतो. कॅमेऱ्याच्या टोकाला बसवा. लांब तारेवरून ताकदवान आवाज जाऊ दे, आणि अगदी शेवटी तो लहान करा. इंटरकॉमच्या टोकाला लहान केला तर तारेत शिरणारा सगळा कचरा त्या लहान आवाजाच्या बरोबरीने ऐकू येतो.

गोप्रोसारख्या कॅमेऱ्यांत सेटिंगमध्ये मायकऐवजी 'लाइन इन' निवडता येतं. ते निवडलंत तर 100 ओहमच्या जागी 1 किलोओहम चालेल, म्हणजे आवाज अकराव्या हिश्श्यावर येईल. पण मग हे सेटिंग उड्डाणाआधी दर वेळी तपासावं लागतं. अपडेट आला किंवा अडॅप्टर काढून घातला की सेटिंग जागेवरच असेल याचा भरवसा धरू नये. मला विचाराल तर शंभराचाच विभाजक, म्हणजे 10 किलोओहम आणि 100 ओहमची जोडी, ठेवा, आणि मायक सेटिंगवर रेकॉर्ड करा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. हेडसेटच्या कानावरची व्हॉल्यूमची खुंटी फिरवून रेकॉर्डिंगची पातळी बदलत नाही, कारण ती खुंटी जॅकाच्या पुढे, हेडसेटच्या आत आहे. रेकॉर्डिंगची पातळी ठरते ती इंटरकॉमच्या आणि रेडिओच्या व्हॉल्यूमवर. म्हणून हेडसेटची खुंटी आधी आपल्याला सोयीची ठेवा आणि इंटरकॉमची खुंटी दर वेळी त्याच खुणेवर आणा. म्हणजे एका सॉर्टीची पातळी दुसरीला लागू पडते.

मोबाइलचा आवाज आपोआप कमी होतो, गाणं सुरू होतं

कॅमेऱ्याला चालणारी केबल मोबाइलला लावली की हे विचित्र प्रकार सुरू होतात, आणि लोक फोन बिघडला समजतात. फोन मायकच्या तारेवर किती ओहम आहेत ते मोजत असतो. अँड्रॉइडच्या हेडसेटच्या ठरावीक मांडणीत 0 ओहम म्हणजे प्ले-पॉझचं बटण, 240 ओहम म्हणजे आवाज वाढवा, 470 ओहम म्हणजे आवाज कमी करा, आणि 135 ओहमचं आणखी एक बटण राखून ठेवलेलं आहे. खऱ्या मायकचा विरोध 1 किलोओहम किंवा जास्त असायला हवा. आता कुणी कपॅसिटर न घालता 470 ओहमचा रेझिस्टर सरळ मायक-ग्राउंडमध्ये टाकला, तर फोनच्या मते तुम्ही सतत आवाज कमी करायचं बटण दाबून बसला आहात.

उलट कपॅसिटर घातला आणि दुसरं काहीच दिलं नाही, तर डीसीला वाटच उरत नाही. फोनला वाटतं, बिनमायकचा इअरफोन लावलाय, आणि तो आपल्या अंगातल्या मायकवर रेकॉर्ड करतो. मग कॉकपिटचा गोंगाट येतो, इंटरकॉम येत नाही. हे ओळखायला सोपं आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवून फोनच्या खालच्या बाजूला बोटाने खरवडा. खरखर रेकॉर्डिंगमध्ये आली तर फोन तुमच्या केबलकडे बघतच नाहीये.

उपाय एकच रेझिस्टर. 2.2 किलोओहमचा, तिन्ही पट्ट्या लाल. तो कपॅसिटरच्या फोनकडच्या बाजूला, मायक आणि ग्राउंड यांच्यामध्ये. फोनला मायक दिसतं, आपलं 100 ओहम कपॅसिटरच्या पलीकडे लपून राहतं.

चार भागांच्या प्लगवर हल्लीच्या फोनांत टिपेपासून क्रम डावा, उजवा, ग्राउंड, मायक असा असतो. जुन्या काही फोनांत शेवटचे दोन उलटे होते. म्हणून एका फोनवर चालणारी केबल जुन्या फोनवर चालली नाही तर आधी हा क्रम पाहा. ज्या फोनला जॅकच नाही त्याला अडॅप्टर लागतो, आणि तो मायक चालवणारा हवा. नुसता ऐकण्यासाठीचा अडॅप्टर इथे उपयोगाचा नाही.

केबल लावली की सगळ्यांचा उजवा कान जातो

हा दोष मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण इथे नुसतं रेकॉर्डिंग बिघडत नाही, उडवणाऱ्याचं ऐकणं बिघडतं. इंटरकॉम स्टिरिओ असेल तर हेडफोन जॅकातही तीन संपर्क असतात. त्यात दोन भागांचा मोनो प्लग घातला की प्लगचा लांब स्लीव्ह उजव्या चॅनलच्या संपर्कावर जाऊन बसतो आणि तो चॅनल ग्राउंडला टेकतो. बऱ्याच इंटरकॉममध्ये सगळ्या सीटचे जॅक एकाच अँप्लिफायरवर असतात, त्यामुळे मागच्या सीटला केबल घातली आणि पुढच्या दोघांचा उजवा कान गेला, असं होतं.

इलाज खरेदीतच आहे. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 6.35 चा प्लग मागताना तीन भागांचा, म्हणजे स्टिरिओ मागा. टिपेवर गरम तार, स्लीव्हवर ग्राउंड, आणि रिंग मोकळी सोडा. काहीही जोडायचं नाही. स्टिरिओ जॅकात रिंग उजव्या चॅनलवर निवांत बसते आणि कुणाला त्रास देत नाही. मोनो जॅकात ती कशाला टेकली तरी तिच्यावर काहीच नसल्यामुळे काही बिघडत नाही. एकच केबल दोन्ही विमानांना चालते. दोन भागांचा प्लग थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

कॅमेऱ्याच्या टोकालाही तीन भागांचाच प्लग घ्या, मात्र तिथे टिप आणि रिंग एकत्र जोडा. नाहीतर रेकॉर्डिंग फक्त डाव्या बाजूला येतं.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

पातळी जुळली, आवाज फाटत नाही, आणि मागे एक बारीक शिट्टी येते. थ्रॉटल पुढे केला की वर चढते, मागे घेतला की खाली येते. ही अल्टरनेटरची शिट्टी. ती केबलमधून येते की विमानातच आहे, हे आधी ठरवा. केबल काढा आणि हेडसेटमध्ये ऐका. शिट्टी तशीच असेल तर ती विमानाची आहे, आणि तिचं काम एएमईचं, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरचं. तुमच्या केबलला काही करू नका.

केबल काढल्यावर जात असेल तर कॅमेऱ्याचा चार्जर काढा आणि कॅमेरा त्याच्या बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा शिट्टी तिथेच थांबते. कॅमेऱ्याला विमानाची ग्राउंड दोन वाटांनी मिळत होती, एक चार्जरच्या तारेतून आणि दुसरी तुमच्या केबलच्या जाळीतून. विमानाच्या सांगाड्यातून अल्टरनेटरचा परतीचा करंट वाहत असतो. त्यामुळे दोन जागांच्या ग्राउंडमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. आणि आपण आत्ताच आवाज काही मिलिव्होल्टवर आणून ठेवलाय. विहिरीच्या पाण्यात दोन बादल्या मिसळल्या तर कळत नाही, तांब्याभर पाण्यात मिसळल्या तर तांब्यात दुसरं काही उरत नाही, तसं होतं.

तात्पुरता उपाय म्हणजे पॉवर बँक. ती विमानाला कुठेही जोडलेली नसते, त्यामुळे दुसरी वाटच बंद होते. कायमचा उपाय म्हणजे 600 ओहमला 600 ओहम, एकास एक असा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. इंटरकॉमची टिप आणि स्लीव्ह प्रायमरीवर, आणि विभाजकाचे दोन्ही रेझिस्टर सेकंडरीवर. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, ग्राउंड मात्र जात नाही. ट्रान्सफॉर्मर विभाजकाच्या आधी ठेवा, नंतर नको, कारण मिलिव्होल्टचा आवाज ट्रान्सफॉर्मरमधून नेला तर आजूबाजूच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र त्यात सहज उमटतं.

इथे एक बारकाई आहे आणि ती चुकली की ट्रान्सफॉर्मर घालूनही शिट्टी तशीच राहते. डबी धातूची असेल, आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या तिला टेकत असतील, तर ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून ग्राउंड पुन्हा जोडली गेली. म्हणून केबल पूर्ण झाल्यावर मीटरचं एक टोक जाड प्लगच्या स्लीव्हला, दुसरं बारीक प्लगच्या स्लीव्हला लावा. बीप येता कामा नये.  प्लास्टिकची डबी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

चार्जरबद्दल आणखी एक. 152 मध्ये आणि नव्या 172 मध्ये विमानाचा पुरवठा 28 व्होल्टचा असतो. फक्त 12 व्होल्टच्या गाडीसाठी केलेला चार्जर तिथे लावू नये. आणि व्होल्टेज चालणारा असला तरी स्वस्त चार्जर 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच कचरा फेकत असू शकतो. तो लावल्यावर रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर दाबून ठेवणारी सोय, आपोआप उघडला किंवा दूरचा टॉवर क्षीण झाला, तर तो चार्जर त्या क्षणी काढा आणि पुन्हा विमानात नेऊ नका. रेकॉर्डिंगपेक्षा टॉवर ऐकू येणं मोठं आहे.

शिट्टीऐवजी टिकटिक येत असेल आणि ती आरपीएमबरोबर जलद होत असेल, तर इग्निशन. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) तपासताना की 'बोथ'वरून 'लेफ्ट' किंवा 'राइट'वर गेली की टिकटिकीचा पोत बदलतो का, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐका. बदलत असेल तर सांगताना कोणत्या मॅग्नेटोवर बदलतो तेही सांगा, एएमईचं निम्मं काम होतं. ठरावीक वेळाने 'वीऽऽप' करून चढणारा आवाज आरपीएमने बदलत नसेल तर स्ट्रोब लाइट बंद करून बघा.

आपण बोललो की कर्कश, टॉवर बोलला की स्वच्छ

टॉवरचा आवाज चांगला, इंटरकॉमवरचं बोलणं चांगलं, पण पीटीटी दाबून बोललं की रेकॉर्डिंगमध्ये कर्कश घरघर. हे रेडिओच्या लहरी केबलमध्ये शिरण्याचं लक्षण. 127 मेगाहर्ट्झला लहर 2.36 मीटरची, तिचा चौथा भाग साधारण 60 सेंटिमीटर. म्हणजे हाताच्या लांबीची केबल या पट्ट्याला उत्तम अँटेना होते. कॅमेऱ्याच्या आतल्या पहिल्याच अँप्लिफायरमध्ये ती लहर आवाजात उतरते.

कॅमेऱ्याच्या प्लगमध्येच, गरम आणि ग्राउंड यांच्यात, 1 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा, पाय शक्य तितके आखूड कापून. आवाजाला तो दिसतही नाही. 127 मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सव्वा ओहमच आहे, त्यामुळे लहर तिथून सरळ ग्राउंडला जाते. पाय दोन सेंटिमीटर लांब ठेवले तर तोच कपॅसिटर निकामी होतो, म्हणून कापायचा कंटाळा करू नका. शिवाय कॅमेऱ्याजवळ एक फेराइटची क्लिप लावा आणि तिच्यातून केबलचे दोन-तीन वेढे घ्या.

फोनने रेकॉर्ड करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर ठेवा. जीएसएमवर फोन टॉवर शोधताना येणारा तो ओळखीचा टिडिडी-टिडिडी आवाज 217 हर्ट्झचा असतो, अगदी बोलण्याच्या पट्ट्यात, आणि कुठल्याही फिल्टरने नंतर नीट निघत नाही.

टॉवरच आला नाही

रेकॉर्डिंग चालू आहे, कधी इन्स्ट्रक्टरही ऐकू येतात, पण टॉवर नाही. हे ऐकून केबल उघडू नका. इंटरकॉमवरचा 'आयसो-ऑल-क्रू' स्विच पाहा. आयसोवर पायलट एकटा रेडिओवर असतो, बाकीचे आपसात. क्रूवर पुढचे दोघे रेडिओवर, मागचे वेगळे. मागच्या जॅकातून रेकॉर्ड करताना स्विच 'ऑल'वर नसेल तर टॉवर तिथे येणारच नाही.

वाक्याचा पहिला शब्द दर वेळी कापला जातो, हाही केबलचा दोष नाही. इंटरकॉमचा व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की मायक आपोआप उघडणारी सोय, उशिरा उघडतोय. स्क्वेल्चची खुंटी थोडी सैल करा, आणि मायक ओठांच्या अगदी जवळ आणा.

कधी येतं, कधी जातं

हा मात्र खरोखर सोल्डरचा दोष. प्लगची टोपी उघडा आणि उजेडात बघा. बहुतेक वेळा जाळीचा एक केसासारखा तांब्याचा धागा बाजूला निसटलेला असतो आणि टिपेच्या पत्र्याला टेकू-टेकू करत असतो. टेबलावर तो टेकत नाही, इंजिन सुरू झालं की थरथरून टेकतो. जाळी पिळून एकजीव करा, आधी कथील चढवा, मग जोडा, आणि टोपी चढवण्याआधी टिपेच्या जोडावर हीट श्रिंक सरकवा.

दुसरी जागा म्हणजे कथील जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे. कथील तारेच्या धाग्यांतून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि थरथरीत नेमका कडक-मऊच्या सीमेवर धागे तुटतात. वरून तार अखंड दिसते. केबल प्लगच्या मानेशी वाकवत मीटर लावून ठेवा, बीप तुटला तर तोच भाग. प्लगची पकडपट्टी तारेच्या बाहेरच्या आवरणावर दाबलेली हवी, आतल्या गरम तारेवर नाही. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरला तर आतलं प्लास्टिक वितळून गरम तार जाळीला टेकते. 25 वॅटचं आयर्न, झटपट जोड.

तपासायचा क्रम

घरी एका फोनवरून 400 हर्ट्झचा सूर जाड प्लगच्या बाजूला द्या आणि दोन्ही टोकांना एसी व्होल्ट मोजा. अर्धा व्होल्ट आत गेला तर साधारण 5 मिलिव्होल्ट बाहेर यायला हवेत. यासाठी एसीची मिलिव्होल्ट रेंज असलेला मीटर लागतो. छोट्या पिवळ्या डीटी-830 ची एसीची सर्वांत लहान रेंज 200 व्होल्टची असते, त्यावर हे दिसणार नाही. सूर 400 हर्ट्झच्या वर नेऊ नका, साधे मीटर त्याच्या पुढे खरं सांगत नाहीत.

विमानात जमिनीवर, इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने, आधी इंजिन बंद आणि कॅमेरा बॅटरीवर. मग इंजिन सुरू. मग चार्जर. मग टॅक्सीच्या परवानगीसाठी बोलाल तेव्हाचं ट्रान्समिशन. प्रत्येक टप्प्याला रेकॉर्डिंगमध्ये तोंडाने सांगा, 'इंजिन चालू, चार्जर नाही'. नंतर ऐकताना दोष कोणत्या टप्प्यावर शिरला ते ऐकूनच कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

केबल ट्रिम व्हील, सीटची रेल आणि रडर पेडलपासून लांब बांधा, आणि मध्ये एक असा जोड ठेवा जो ओढल्यावर सहज सुटेल. घाईने उतरायची वेळ आली तर केबलने अडवता कामा नये. ट्रान्सफॉर्मरची डबी आणि कॅमेरा होकायंत्राजवळ ठेवू नका. ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर होकायंत्राची सुई बघा, हलली तर जागा बदला. पॅनलच्या मागे काही जोडायचं असेल तर तो अधिकार परवानाधारक एएमईचा आहे, आपली केबल जॅकाच्या अलीकडेच राहिली पाहिजे. लोहगावसारख्या संरक्षण दलाच्या विमानतळावर चित्रीकरण चालत नाही, तेव्हा कॅमेरा नेण्याआधी क्लबला विचारा.

आणि केबल काढूनही जो आवाज हेडसेटमध्ये राहतो, त्याचं रेकॉर्डिंग एएमईला ऐकवा आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) स्नॅग, म्हणजे बिघाड, म्हणून लिहा: किती आरपीएमला, कोणत्या स्विचवर, ट्रान्समिट करताना की नुसतं ऐकताना.